गरीब कुटुंबांना स्वावलंबी करण्यासाठी राबवलेला कार्यक्रम खरंच उपयोगी पडला की नाही, हे कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या छोट्या संस्थेने 60 कुटुंबांना शेळ्या आणि शिलाई मशीन दिली, त्याला दोन वर्षं झाली, आणि आता देणगीदार विचारतायत की यातली किती घरं स्वतःच्या पायावर उभी राहिली. मी बीड जिल्ह्यात बरीच वर्षं दारोदार जाऊन अशा पाहण्या करते, त्या अनुभवावरून सांगते.

पहिली विनंती ही की नुसत्या शेळ्या मोजून परत येऊ नका.

शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर मी पाहणीला गेले होते. फॉर्मवर लिहिलं होतं, ‘दिलेल्या शेळ्या 4’. दावणीला दोनच होत्या. मी ‘घट’ या रकान्यात खूण केली. चुलीपुढे बसलेली बाई तेवढ्यात म्हणाली, “ताई, दोन इकल्या. पोरगं दवाखान्यात व्हतं. नायतर मुकादमाकडं जावं लागलं असतं.” त्या वर्षी त्या घराने उचल घेतली नाही. दिवाळीनंतर कोयता गेला नाही आणि थोरली मुलगी शाळेतच राहिली. (इकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, आणि मुकादमाकडून आधी घेतलेली रक्कम म्हणजे उचल. ती फेडायला पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात जातात.) पलीकडच्या वस्तीवर एका घरी चारही शेळ्या धडधाकट होत्या, पण राखायला म्हातारी सासू एकटी. मुलगा-सून पोरांना घेऊन ऊस तोडायला गेलेले. माझ्या फॉर्मप्रमाणे हे दुसरं घर यशस्वी ठरलं आणि पहिलं नाही. मी अहवालही तसाच दिला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझ्या यादीत पहिला प्रश्न असतो: यंदा कोयता गेला का? गेला असेल तर उचल केवढी होती? तुमच्या भागात ऊसतोड नसेल, पण अडचणीच्या वेळी माणूस नाइलाजाने जे करतो असं काहीतरी असेलच. सावकाराकडे जाणं, मुलीचं लग्न लवकर उरकणं, दागिना गहाण ठेवणं. ते कमी झालं का, हे विचारा.

महिन्याचं उत्पन्न थेट विचारू नका. रेशन कार्ड जाईल या भीतीने लोक कमी सांगतात, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घराला महिन्याचा आकडा खरंच सांगता येत नाही. त्यापेक्षा गेल्या आठवडी बाजारातून तेल किती आणलं, डाळ किती, काल रात्री कालवण काय होतं, हे विचारा. खाण्यावरचा खर्च बऱ्यापैकी खरा सांगितला जातो.

आता यातलं सगळ्यात अवघड. समजा तुमच्या 60 घरांची स्थिती सुधारलेली दिसली, तर ती तुमच्यामुळेच सुधारली कशावरून? 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि त्याच वर्षी पुढे मराठवाड्यात चांगला पाऊस झाला. एखाद्या संस्थेने त्या उन्हाळ्यात पहिली पाहणी आणि वर्षाने दुसरी केली असती, तर काहीही न देता सगळी गावं ‘सुधारलेली’ दिसली असती. म्हणून ज्यांना मदत मिळाली नाही अशी तशीच घरंही बघावी लागतात.

ही तुलना किती महत्त्वाची, हे आपल्याच देशातल्या दोन अभ्यासांवरून कळतं. दोन्हींचं मूळ शेजारच्या बांगलादेशात आहे. तिथे ब्रॅक या संस्थेने 2002 मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम सुरू केला: जनावरं, सुरुवातीला खाण्यापुरता भत्ता, बचतीची सवय, आणि जवळपास दोन वर्षं नियमित घरभेटी. तोच प्रकार बंधन या संस्थेने पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादमध्ये केला. कोणाला द्यायचं हे पात्र घरांमधून चिठ्ठ्या काढल्यासारखं ठरवलं होतं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी पुढे दहा वर्षांनीही ती घरं तपासली, तर मदत मिळालेल्यांचा खर्च आणि उत्पन्न न मिळालेल्यांपेक्षा तेव्हाही जास्त होतं. त्याच धर्तीचा कार्यक्रम तेव्हाच्या आंध्रातल्या मेदक जिल्ह्यात झाला, तिथे मात्र निव्वळ फरक जवळपास शून्य निघाला. तिथे मजुरीची कामं मिळत होती. ज्यांनी जनावरं सांभाळली त्यांची मजुरी बुडाली, आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं ते मजुरी करून तेवढेच पुढे गेले. फक्त लाभार्थ्यांच्या दारात गेलं असतं तर तिथेही म्हशी दिसल्या असत्या, आणि बुडालेली मजुरी हिशेबात आलीच नसती.

तुमची 60 घरं आधीच निवडून झालीत, त्यामुळे आता शेजारच्या गावातली तशीच घरं शोधा: जमीन तेवढीच, माणसं तेवढीच, आधीचं काम तेच. ही तुलना कच्चीच राहील. तुम्ही निवडलेली माणसं मुळात जरा जास्त धडपडी असू शकतात, हे देणगीदारांना स्पष्ट सांगा. एवढ्या कमी घरांत लहानसहान फरक उमटत नाही, हेही सांगा. पुढच्या खेपेला पात्र घरं 120 आणि शेळ्या 60 जणांपुरत्याच असतील, तर ग्रामसभेत सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा आणि उरलेल्यांना पुढच्या वर्षीचा शब्द द्या. तो शब्द मात्र पाळाच. त्या वर्षभरात दोन्हीकडे सारखेच प्रश्न विचारा. वशिल्याची कुजबुजही त्यामुळे थांबते, हे मी पाहिलंय.

खर्च मांडताना नुसती शेळीची किंमत धरू नका. कार्यकर्तीचा पगार, पेट्रोल, लस, प्रशिक्षण सगळं धरा.

आणि ज्या कार्यकर्तीने शेळ्या वाटल्या तिलाच पाहणीला पाठवू नका. तिला वाईट वाटू नये म्हणून लोक गोड बोलतात. दुसऱ्या तालुक्यातली बचत गटाची एखादी जाणकार ताई पाठवा, आणि शक्यतो आषाढात. पेरणीत पैसा गेलेला असतो, नवं पीक यायला अवकाश असतो, तेव्हा घरातलं खरं समजतं. शेवटची भेट संस्थेचा पैसा आणि घरभेटी बंद झाल्यावर निदान एका वर्षाने ठेवा. तिचा खर्च आत्ताच बाजूला काढून ठेवा, कारण प्रकल्प संपल्यावर त्यासाठी कोणी पैसे देत नाही.