अभ्यासाला बसलं की हात फोनकडे का जातो?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हमखास विचारतात, ‘‘मॅडम, इन्स्टाग्राम कितीदा काढून टाकलं, पण चार दिवसांत परत घेतोच. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?’’

असाच एक मुलगा आला होता (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मराठवाड्यातून पुण्यात आलेला, सदाशिव पेठेतली अभ्यासिका, कॉट बेसिसवर राहणं आणि घरून येणाऱ्या पैशांचं मनावर ओझं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे उत्तरं लिहून काढायचा सराव हवा. हा वाचायचा भरपूर, पण लिहायचं मात्र राहून जायचं. रात्री स्क्रीन टाइम बघून स्वतःलाच शिव्या घालायचा.

मी त्याला फोन बंद कर म्हटलं नाही. म्हटलं, ‘‘फोन हातात घेतलास की वेळ टाक आणि त्याच्या आधी काय चाललं होतं ते एका ओळीत लिही.’’

पुढच्या भेटीत त्याने वही समोर ठेवली. ‘११.१०, सिंचनाचं उत्तर, दुसरा परिच्छेद सुचेना.’ ‘११.५०, मित्राच्या निवडीचं स्टेटस.’ ‘३.२०, टेलिग्रामवर पीडीएफ शोधायला.’ पानभर हेच. कंटाळा आला म्हणून फोन घेतल्याची नोंद फारच कमी. उत्तर अडलं की हात फोनकडे जात होता. टेलिग्राम तर सगळ्यात फसवं, कारण तिथे अभ्यासाचं निमित्त असतं. पीडीएफ सापडते, न वाचता सेव्ह होते आणि बोट रील्सवर गेलेलं असतं.

पुढची रील कशी निघेल हे आधी कळत नाही, म्हणूनच आपण सरकवत राहतो. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवलं होतं. त्यात रील्सना शेवट नाही. अडलेल्या माणसाला पळायला ही वाट फार सोपी आहे, म्हणून याला चारित्र्याचा दोष समजणं मला अन्यायाचं वाटतं.

आम्ही थोडेच बदल केले. फोन अभ्यासिकेतल्या मित्राच्या बॅगेत, डू नॉट डिस्टर्बवर. फक्त आईचा फोन वाजेल अशी सोय. टेलिग्राम रात्री जेवणानंतर. दिवसा जे शोधावंसं वाटेल ते वहीच्या मागच्या पानावर. रात्रीपर्यंत त्यातल्या बऱ्याच गोष्टींची गरजच उरायची नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: उत्तर अडलं तर जमतील तशा तीन ओळी लिहायच्या, मगच उठायचं, चहा घ्यायचा, पण फोनशिवाय.

एका निकालाच्या दिवशी दुपारभर तो रील्समध्ये अडकला. पूर्वी असा दिवस गेला की आठवडा वाया गेला असं मानून तो खोलीवरच पडून राहायचा. या वेळी वहीत नोंद केली आणि संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन बसला. इतरांच्या निवडीचे फोटो पाहून मनात होणारी कालवाकालव मात्र अजून आहे. सध्या आमचं बोलणं त्यावरच चालू आहे.

तुमच्या बाबतीत झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर हा प्रश्न फोनपुरता राहिलेला नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. आजच फोन करा.