उतरलेल्या भुवया वर घेण्यासाठी कोणती शस्त्रक्रिया चांगली? पन्नाशीत करून घ्यावी का?

"पन्नाशीत करून घ्यावी का" हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या आईने ६२व्या वर्षी करून घेतली.

तिच्या तोंडावरून वारं गेलं होतं, बेल्स पाल्सी. तोंड बरंचसं सरळ झालं, पण उजवी भुवई डोळ्यावर उतरली ती उतरलीच. तांदूळ निवडताना एका हाताने भुवई वर धरायची, दुसऱ्या हाताने खडे काढायची. बाहेर जाताना कपाळाला चिकटपट्टी. त्यात काका सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, आता कुणाला दाखवायचंय?" आईने पुढे वर्षभर विषय काढला नाही. त्या वर्षाचा राग माझ्या मनात अजून आहे.

पहिले डॉक्टर म्हणाले, पापणीची जादा कातडी काढू. दुसऱ्या बाई ऑक्युलोप्लास्टीच्या, म्हणजे पापण्या-भुवयांच्या प्लास्टिक सर्जरीच्या. त्यांनी आईला आरशासमोर बसवून बोटाने भुवई हाडावर नेऊन धरली, तर पापणी मोकळीच! नुसती पापणी कापली असती तर भुवई आणखी खाली ओढली गेली असती, आणि नंतर ती उचलताना डोळा मिटायला कातडी पुरली नसती. मग डायरेक्ट ब्रो लिफ्ट झाली: भुवईच्या वरच्या कडेने कातडीची फाक काढून भुवई आत हाडावरच्या आवरणाला टाक्यांनी अडकवली. जागेवरच भूल दिली होती. व्रण काही महिने लाल होता, आता चष्म्याच्या फ्रेमआड जातो.

तुम्हाला वारं गेलेलं नसेल तर एंडोस्कोपिक, म्हणजे दुर्बिणीतून केलेली ब्रो लिफ्ट विचारा. केसांत तीन ते पाच छोटे छेद, व्रण लपतो. कपाळ आधीच उंच असेल तर छेद केसांच्या रेषेवर घेतात. फक्त बाहेरचं टोक उतरलं असेल तर कानशिलाकडून टेम्पोरल लिफ्ट पुरते. या कानापासून त्या कानापर्यंतच्या कोरोनल छेदाने डोकं बधिर राहू शकतं, मी तरी त्या वाटेला जाणार नाही. कातडीखाली धागे घालून भुवई ओढतात, त्यावर पैसे घालवू नका, टिकत नाही.

हो, डोळे कोरडे पडत असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. भुवई अचानक उतरली असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आणि फील्ड टेस्ट, म्हणजे नजर कुठवर पोचते ती तपासणी, करून घ्याच. विम्यासाठी लागते, घरच्यांसाठीही लागते. आईच्या कागदावर वरचा भाग सगळा काळा आला होता. तो कागद तेव्हाच काकांपुढे ठेवायला हवा होता.