जहाजावरचे रात्रीचे जेवण आणि पोशाख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पती-पत्नी प्रथमच ७ रात्रींच्या क्रूझवर जात आहोत. कंपनीकडून आलेल्या कागदपत्रांत ‘२ संध्याकाळी फॉर्मल, उरलेल्या संध्याकाळी स्मार्ट कॅज्युअल’ एवढाच उल्लेख आहे. माझ्या पतींना सूट घालण्याची फारशी सवय नाही आणि टक्सीडो (बो टायसह घालायचा समारंभाचा काळा सूट) तर त्यांच्याकडे नाहीच. जेवायला गेल्यावर आम्हाला दारातून परत पाठवतील का? आणि या शब्दांचा नेमका अर्थ काय समजायचा?

उत्तर : टक्सीडो नाही म्हणून कोणी उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही, तेव्हा ती काळजी आधी मनातून काढून टाकावी. फॉर्मल संध्याकाळी पुरुषांसाठी गडद रंगाचा सूट आणि टाय हा पोशाख टक्सीडोच्या बरोबरीचा मानला जातो आणि बऱ्याच मोठ्या जहाजांवर शर्ट-टायवर नुसता ब्लेझर घातलेले पुरुषही निर्धास्तपणे जेवत असतात. स्त्रियांनी पायघोळ गाऊनच घातला पाहिजे असेही नाही. गुडघ्यापर्यंतचा कॉकटेल ड्रेस किंवा चांगल्या कापडाची पँट आणि त्यावर थोडा झगमगता टॉप पुरेसा होतो. आपापल्या देशाचा समारंभाचा पारंपरिक पोशाखही सामान्यतः फॉर्मल म्हणूनच स्वीकारला जातो.

खरी अडचण अशी आहे की, या बाबतीत सर्व जहाजांना लागू पडेल असा एकच नियम नाही. एका टोकाला कुनार्ड ही कंपनी आहे. तिच्या क्वीन मेरी २ या जहाजावर, जे २००४ पासून सेवेत आहे आणि साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क असा अटलांटिक ओलांडणारा प्रवास आजही नियमितपणे करते, संध्याकाळी ६ नंतर नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो आणि ‘गाला इव्हिनिंग’ला टक्सीडो किंवा गडद सूट-टाय, तर स्त्रियांसाठी गाऊन किंवा कॉकटेल ड्रेस असा स्पष्ट दंडक असतो. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन ही कंपनी आहे. तिने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत सुरू करून जेवणाच्या ठरावीक वेळा आणि सक्तीची फॉर्मल संध्याकाळ या दोन्ही गोष्टी मोडीत काढल्या. तिथे नटूनथटून येणे ही हौस आहे, अट नव्हे. ओशेनिया या कंपनीच्या जहाजांवर तर फॉर्मल संध्याकाळ मुळी ठेवलेलीच नाही. या दोन टोकांच्या मध्ये बाकीच्या कंपन्या येतात. कार्निव्हलवर ‘क्रूझ एलिगंट’ नावाची संध्याकाळ असते. २ ते ५ दिवसांच्या सफरीत ती एकदा आणि ६ किंवा अधिक दिवसांच्या सफरीत दोनदा येते. सेलिब्रिटी या कंपनीने फॉर्मल हा शब्दच टाकून ‘इव्हिनिंग शिक’ असे नाव घेतले. तिथे टायची अपेक्षा नसते, पण समुद्रकिनाऱ्यावरून उठून थेट जेवणाच्या टेबलाशी आलेले चालत नाही.

म्हणून ‘क्रूझवर काय घालतात’ असे परिचितांना विचारण्यापेक्षा तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावर पोशाखाबद्दलचे पान उघडून ते शब्दशः वाचावे आणि तेही निघण्याच्या सुमारास वाचावे, कारण हे नियम अलीकडे वरचेवर सैल होत आहेत आणि चार-पाच वर्षांपूर्वी त्याच जहाजावरून जाऊन आलेल्या व्यक्तीचा सल्लाही आज जुना ठरू शकतो. ते पान वाचताना ‘आवश्यक’ आणि ‘सुचवलेले’ या दोन शब्दांतला फरक बारकाईने पाहावा. ज्या गोष्टी मुख्य भोजनकक्षात अजिबात चालत नाहीत त्यांची यादी स्वतंत्र दिलेली असते आणि ती बहुतेक सगळीकडे सारखीच असते : पोहण्याचे कपडे, पुरुषांचे बिनबाह्यांचे बनियनवजा टॉप, व्यायामाच्या चड्ड्या, डोक्यावरची टोपी आणि रबरी चपला.

स्मार्ट कॅज्युअल म्हणजे पुरुषांसाठी कॉलरचा शर्ट किंवा पोलो टी-शर्ट, लांब पँट आणि बंद बूट; स्त्रियांसाठी साधा ड्रेस, स्कर्ट किंवा पँट आणि ब्लाउज. जीन्सचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मनात असणारच. गडद रंगाची, न फाटलेली, न विटलेली जीन्स आता बऱ्याच मोठ्या जहाजांवर अशा संध्याकाळी खपून जाते. फॉर्मल संध्याकाळी मात्र ती घालू नये.

फॉर्मल संध्याकाळ कोणत्या दिवशी येणार, याचा अंदाज तुम्हाला घरबसल्या बांधता येईल. प्रवासाच्या कार्यक्रमात ज्या दिवशी एकही बंदर नाही, जहाज दिवसभर समुद्रावरच आहे, त्या दिवसावर खूण करावी. भटकंती करून घामाघूम परतलेल्या प्रवाशांना तासाभरात सूट चढवायला लावणे कोणत्याच कंपनीला सोयीचे नसते, म्हणून फॉर्मल संध्याकाळी बहुतांशी अशाच दिवशी ठेवतात. कप्तानाच्या स्वागत समारंभाला आणि छायाचित्रकारांनाही तोच दिवस सोयीचा पडतो. नक्की काय ते केबिनमध्ये येणाऱ्या दैनंदिन कार्यक्रमपत्रिकेत किंवा जहाजाच्या ॲपवर दिलेले असते.

राहिला दारातून परत पाठवण्याचा प्रश्न. भोजनकक्षाच्या दाराशी उभे असलेले कर्मचारी टायची गाठ तपासत नाहीत. अर्ध्या चड्डीत आणि चपलांत आलेल्या माणसाला मात्र ते अतिशय नम्रपणे केबिनची वाट दाखवतात. तुमच्या पतींसाठी माझा सल्ला असा की, नवा सूट शिवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. गडद निळा किंवा कोळशाच्या रंगाचा एक ब्लेझर, त्याला साजेशी पँट, एक पांढरा शर्ट, एक फिकट निळा शर्ट आणि दोन टाय एवढ्यावर दोन्ही फॉर्मल संध्याकाळी निभावतात आणि तोच ब्लेझर इतर दिवशी टायशिवाय वापरता येतो. सवय नसलेल्यांना गैरसोय खरी कोटाची होत नाही, गळ्याशी घट्ट बसणाऱ्या कॉलरची होते. तेव्हा शर्टाचे वरचे बटण लावून, टाय बांधून, घरी एकदा अर्धा तास बसून पाहावे आणि कॉलर काचत असेल तर अर्ध्या मापाने मोठा शर्ट घ्यावा.

प्रश्न : बंदरापर्यंत विमानाने जायचे असल्यामुळे सामानाच्या वजनावर मर्यादा आहे. रोज रात्री वेगळा पोशाख न्यावा लागेल का? केबिनमध्ये इस्त्रीची सोय असते का?

उत्तर : आधी इस्त्रीबद्दल, कारण तिच्यावर बाकी सगळे अवलंबून आहे. घरची इस्त्री किंवा वाफेवर कपडे सरळ करणारा स्टीमर बॅगेत टाकू नये. जहाजावर आगीइतकी दुसऱ्या कशाची धास्ती नसते आणि त्यामुळे या दोन्ही वस्तू केबिनमध्ये नेण्यास जवळपास सर्वच कंपन्यांची मनाई आहे; सामानाच्या तपासणीत त्या सापडल्या तर काढून ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात. कुनार्डच्या जहाजांवर प्रवाशांसाठी स्वतंत्र धुलाईघर असते आणि तिथे इस्त्रीही असते. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर अशी सोय नाही, तिथे कपडे इस्त्रीसाठी कर्मचाऱ्यांकडे पैसे मोजून द्यावे लागतात. तेव्हा न चुरगळणाऱ्या कापडाची निवड हाच उत्तम उपाय आहे. विणीचे जर्सीसारखे कापड, बारीक चुण्यांचे कापड आणि लोकरीचा हलका कोट हे बॅगेतून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येतात. लिनन मात्र हमखास दगा देते. बॅग ताब्यात येताच कोट आणि गाऊन हँगरला लावून न्हाणीघरात टांगावेत आणि गरम पाण्याचा शॉवर काही मिनिटे सोडून दार लावून घ्यावे, म्हणजे किरकोळ सुरकुत्या आपोआप उतरतात. केबिनमधले कपाट अरुंद असते, पण केबिनच्या भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असल्यामुळे चुंबकाचे आकडे त्यांना चिकटतात. असे तीन-चार आकडे सोबत असले की दुसऱ्या दिवशीचे कपडे बाहेर टांगून ठेवता येतात.

रोज वेगळा पोशाख नेण्याची गरज नाही. ७ रात्रींसाठी २ खालचे आणि ४ वरचे कपडे, जे एकमेकांशी कसेही जुळतील, आणि त्यांच्या जोडीला एक फॉर्मल पोशाख एवढे पुष्कळ झाले. शेजारच्या टेबलावरच्या लोकांना तुमची पँट परवाचीच आहे हे कळतही नाही आणि कळले तरी त्यांचीही परवाचीच असते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. जहाजावर चढण्यापूर्वी मोठी बॅग बंदरावरच कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन करायची असते आणि ती केबिनच्या दाराशी पोहोचायला कधीकधी संध्याकाळ उलटते. जेवणाच्या दोन पाळ्या असतील आणि तुमची पाळी पहिली, म्हणजे साडेपाच-सहाची असेल, तर बॅग येण्याच्या आधीच जेवायला बसण्याची वेळ होते. म्हणून पहिल्या रात्रीचे कपडे, बूट आणि औषधे हातातल्या लहान बॅगेतच ठेवावीत. शेवटच्या रात्री हाच प्रकार उलट क्रमाने घडतो : मोठ्या बॅगा भरून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि रात्रीतून त्या उचलल्या जातात, त्यामुळे जेवणाचे कपडे हातातल्या बॅगेत मावतील असेच असावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घालायचे कपडे बॅगेत भरले तर जात नाहीत ना, हेही पाहावे. पहिली आणि शेवटची रात्र साध्या पोशाखाची ठेवण्याची प्रथा जुनी आहे. मोठ्या प्रवासी जहाजांच्या काळात पहिल्या वर्गाचे प्रवासी दररोज संध्याकाळी जेवणासाठी पोशाख बदलत, पण या दोन रात्रींना त्यातून सवलत असे, कारण एका रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि दुसऱ्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. वाटेत लागणार नाहीत अशा ट्रंकांवर ‘प्रवासात नको’ अशा अर्थाची चिठ्ठी डकवून त्या थेट तळघरात पाठवत. आज तितक्या ट्रंका कोणी नेत नाही, पण बॅगांची ये-जा अजूनही त्याच रीतीने चालते.

प्रश्न : सुट्टीवर जाऊनही सूट-टाय घालायचा, हे मला पटत नाही. फॉर्मल संध्याकाळ पूर्णपणे टाळता येते का?

उत्तर : येते, आणि त्यासाठी कोणाची माफी मागण्याची गरज नाही. पोशाखाचा नियम त्या संध्याकाळी त्या विशिष्ट भोजनकक्षापुरता असतो. बुफे, डेकवरची लहान उपाहारगृहे आणि केबिनमध्ये मागवलेले जेवण यांना तो सहसा लागू नसतो. कुनार्डसारख्या काटेकोर कंपनीतही गाला संध्याकाळी क्वीन मेरी २ वर किंग्ज कोर्ट हा बुफे आणि गोल्डन लायन हा पब साध्या पोशाखातल्या प्रवाशांसाठी खुला असतो. तिथे मात्र एक लक्षात ठेवावे की, त्या रात्री जहाजाच्या बऱ्याच भागांत, नृत्याच्या सभागृहातही, तोच पोशाख अपेक्षित असतो आणि जेवण उरकून साध्या शर्टात तिकडे फेरफटका मारणे योग्य दिसत नाही. ज्यांना ही बंधने खरोखरच जाचतात त्यांनी टाय न नेण्यापेक्षा मुळात जहाजच वेगळे निवडावे. सर्वांनी ठरवून नटलेल्या दालनात एकट्यानेच टी-शर्ट घालून बसणे हा माझ्या मते बाणेदारपणा नव्हे. त्या संध्याकाळीची मजा बाकीच्यांच्या पोशाखामुळेच आलेली असते.

प्रश्न : उंच टाचांच्या चपला जहाजावर कितपत सोयीच्या असतात? शिवाय, भोजनकक्षात फार थंडी असते असे ऐकले, ते खरे का?

उत्तर : मोठी जहाजे स्थिर असतात, तरीही लाटा उठल्या की पावलागणिक तोल सावरावा लागतो आणि लांबच लांब मार्गिका, गालिचे, जिने हे सगळे ओलांडल्याशिवाय भोजनकक्ष येत नाही. सुईसारख्या टाचेपेक्षा रुंद, बुटकी टाच किंवा सपाट चपला बऱ्या. घोट्याला पट्टा असेल तर अधिक चांगले. पायघोळ गाऊन नेणार असाल तर त्याची लांबी त्याच चपला घालून मापावी, कारण जिन्यावर एका हाताने कठडा धरावा लागतो आणि दोन्ही हातांनी गाऊन उचलून चालणे शक्य होत नाही. थंडीचे ऐकलेले खरे आहे. प्रदेश कितीही उष्ण असला तरी भोजनकक्ष आणि नाट्यगृह गारेगार ठेवतात, त्यामुळे काळी किंवा चंदेरी शाल सर्व कपड्यांबरोबर वापरता येईल अशी एकच न्यावी.

प्रश्न : ‘व्हाइट पार्टी’सारख्या विशेष संध्याकाळींसाठी आणि मुलांसाठी वेगळी तयारी लागते का?

उत्तर : अशा संध्याकाळी ऐच्छिक असतात. पांढरा शर्ट किंवा टॉप तसाही बॅगेत असतोच, तो पुरे. व्हर्जिनच्या जहाजांवर ‘स्कार्लेट नाइट’ला लाल रंग आणि डिस्नेच्या अनेक सफरींत चाचेगिरीचा पोशाख घालतात, त्यासाठी एखादा रुमाल किंवा पट्टा न्यावा, अख्खा वेष नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत कोणीही काटेकोर नसते. स्वच्छ शर्ट, लांब पँट किंवा फ्रॉक आणि पायांत बंद बूट एवढे पाहावे. किशोरवयीन मुलांना मात्र निघण्यापूर्वीच कल्पना द्यावी, म्हणजे दारात उभे राहून टोपीवरून वाद होणार नाही.

प्रश्न : आमची सफर अंटार्क्टिकाची आहे. तिथेही सूट न्यावा का?

उत्तर : नेऊ नये. लहान शोधमोहिमी जहाजांवर दिवसाचा कार्यक्रम रबरी होड्या आणि हवामान यांच्यावर ठरतो आणि संध्याकाळी सर्व जण स्वेटर आणि साध्या पँटमध्येच जेवायला बसतात. सूटची जागा लोकरीच्या मोज्यांना आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या उबदार आतल्या कपड्यांना द्यावी. आत वावरण्यासाठी हलक्या बुटांचा एक कोरडा जोड मात्र वेगळा ठेवावा, कारण बाहेरचे गमबूट घालून भोजनकक्षात येऊ देत नाहीत.