उत्तर तयार, छापताना अडलं

प्रश्न : पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत २००० चा फॅक्टोरियल (१ ते २००० या संख्यांचा गुणाकार) क्षणात निघतो, पण प्रिंट केल्यावर व्हॅल्यूएरर (चुकीच्या मूल्याची त्रुटी) येतो आणि त्यात ४३०० अंकांच्या मर्यादेचा उल्लेख असतो. १००० चा फॅक्टोरियल मात्र नीट छापला जातो. संख्याच बिघडते का?

उत्तर : संख्या शाबूत आहे. १००० च्या फॅक्टोरियलमध्ये २५६८ अंक असतात, २००० च्या ५७३६. अडतं ते दशमान मजकूर करताना. पायथॉन ही संख्या सहसा ३० बिटांच्या तुकड्यांत ठेवतो. त्यातून दशमान अंक काढायचे तर भागाकारांची रांगच लागते. साध्या पद्धतीत अंक दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. कुणी मुद्दाम लाखो अंकांची संख्या पाठवून सर्व्हर अडकवू नये, म्हणून २०२२ मध्ये ही मर्यादा आली. मजकुराची संख्या करतानाही ती लागू होते.

पायथॉनच्या सिस (sys) मॉड्यूलमधल्या सेट_इंट_मॅक्स_स्ट्र_डिजिट्स (set_int_max_str_digits) या फंक्शनला ६००० द्या, काम होईल. ० दिल्यास मर्यादाच उठते, पण बाहेरून आकडे घेणाऱ्या प्रोग्राममध्ये कृपा करून तसं करू नका. संख्या नुसती साठवायची किंवा पाठवायची असेल तर हेक्स (१६ च्या पायातलं लेखन) उत्तम : एका अंकाला नेमके ४ बिट, भागाकार नाही, त्यामुळे मर्यादाही नाही.

प्रश्न : सी भाषेत मोठ्या संख्यांसाठी स्वतः कोड लिहिलाय, ३२ बिटांच्या शब्दांचा (म्हणजे संख्येच्या ३२ बिटी तुकड्यांचा). १,००,००,००,००५ छापायला गेलं की १५ उमटतं.

उत्तर : तुम्ही १०० कोटींनी भागून प्रत्येक बाकी जशीच्या तशी छापताय. इथली ५ ही बाकी खरं तर ००००००००५ आहे. सर्वांत वरचा तुकडा साधा छापा, बाकीचे सगळे शून्यं भरून नऊ घरांत. फॉरमॅटमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे ०९ हवं. बाक्या खालच्या अंकांकडून निघतात, म्हणून आधी साठवा आणि उलट क्रमाने छापा. भागताना आधीची बाकी आणि पुढचा शब्द ६४ बिटांत जोडा, ३२ बिटांत वरचे बिट गळतात.

३२ बिटांच्या एका शब्दात साधारण ९.६३ दशमान अंक मावतात. तेव्हा शब्दांची संख्या 'न' असेल, तर छापील मजकुरासाठी १० × न + २ बाइट पुरतात. ते २ उणे चिन्ह आणि शेवटच्या शून्य बाइटसाठी. आणि संख्या ० असेल तर 'भागाकार शून्य होईपर्यंत' चालणारं लूप एकदाही फिरत नाही, रिकामा मजकूर हाती येतो. ते प्रकरण सुरुवातीलाच वेगळं तपासा.