अठ्ठावीसचा आकडा

"आत्ता विकलं तर सहा लाखांना बुडतो, मॅडम." खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. बायको शेजारी बसून पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. २०२० चा ऑक्टोबर, तिघांच्याही तोंडाला मास्क.

घरांचा बाजार बसला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मोठं घर हवंय, पण जुनं पडत्या भावात द्यायचं जिवावर येतं, थांबावं का? ओळख पटू नये इतपत तपशील बदलून यातलं एक प्रकरण सांगते.

घर सांगलीच्या शामरावनगरात, तळमजल्यावरचा वन बीएचके. नवराबायको, दोन मुलं आणि सासूबाई. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. यांच्या हॉलमध्ये छातीएवढं पाणी. नंतर दोनदा रंग देऊनही भिंतीवर तपकिरी रेघ उमटायचीच, स्विचबोर्डाच्या वरून, पट्टीनं आखल्यासारखी. बाई पावसाळ्यात रात्री दोन-दोनदा उठून बाहेरची पायरी बघून यायच्या. त्यांना विश्रामबागेकडे, उंचावर, टू बीएचके हवा होता. साहेबांच्या डोक्यात मात्र एकच आकडा बसला होता. शेजारचं तसंच घर २०१७ साली २८ लाखांना गेलं होतं. आता गिऱ्हाईक २२ च्या वर सरकत नव्हतं.

पहिल्याच भेटीत मी चुकले. कागद ओढून हिशेब मांडायला बसले. भाव सगळीकडे सारखेच पडले, तर मोठं घर घेणाऱ्याचं उलट बरं होतं. ४० चं घर ३६ ला द्यावं लागलं आणि ७० चं ६३ ला मिळालं, तर वरून घालायचे पैसे ३० चे २७ होतात. म्हणून जुन्याला काय आलं यापेक्षा वर किती घालायचे ते बघा, वगैरे वगैरे. ते ऐकत होते, पण मान खाली. "बरंय" म्हणाले आणि उठले. समोरचा माणूस "बरंय" म्हणून उठला की आपलं काहीतरी हुकलंय, हे इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं.

शिवाय माझा हिशेब पुस्तकी होता. सांगलीत भाव सारखे पडत नाहीत. महापुरानंतर पाणी आलेल्या भागाचा बाजार वेगळा आणि उंचावरचा वेगळा. त्यांनी पाहिलेला फ्लॅट २०१७ ला ४८ चा होता, आता ४४. म्हणजे तेव्हा वर २० घालायचे होते, आता २२. फरक घटला नव्हता, वाढला होता. दुसऱ्या भेटीत हे त्यांनीच मला दाखवून दिलं, थोडं जिंकल्यासारखं.

त्या भेटीला सासूबाईही आल्या होत्या. सासरे, म्हणजे घरातले अण्णा, मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी. हे घर त्यांनीच घेतलेलं. त्यांचा शब्द मुलानं मला ऐकवला, "पडत्या भावात माल काढायचा नाही. हळद पेवात ठेवायची, भाव आला की काढायची." पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, सांगलीजवळच्या हरिपुरात असायचे तसा. तेव्हा कुठे मला उमगलं की भांडण सहा लाखांचं नव्हतंच. वडिलांचं घर कमी पैशात देणं म्हणजे वडिलांना कमी लेखणं, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

मी काही बोलायच्या आत म्हातारीच म्हणाली, "आणि दोन हजार पाचला हरिपूरच्या पेवात पाणी शिरलं, तेव्हा रं? अण्णांची पंधरा पोती होती त्यात. कुठला भाव आला मग?"

खोलीत कोणी बोललं नाही. मुलगा एकदा हसला, मग त्यानं चष्मा काढून पुसला. नवराबायकोचं लग्न २००६ चं. ही पंधरा पोती सुनेला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

पुढचं सोपं गेलं. मी बँकेची माणूस नाही, पण मोठ्या घराच्या विचारात असलेल्यांना एक विचारतेच. नक्की येणारा पगार कोणाचा? यांचा कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीतला पगार लॉकडाऊनमध्ये निम्म्यावर आलेला. बाई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. हप्ता फक्त बाईंच्या पगारातून झेपेल एवढाच धरायचा, असं ठरलं. त्या वर्षी गृहकर्ज ७ टक्क्यांच्या आसपास होतं. २२ लाखांना २० वर्षांचा हप्ता साधारण १७ हजार. २०१७ च्या सुमारास साडेआठ टक्क्यांनी २० लाखांनाही तेवढाच बसला असता. फरक वाढूनही खिशाला तेच. मात्र दर बदलता होता, म्हणून ९ टक्के धरूनही करून पाहिलं. हप्ता २० हजारांच्या जवळ गेला. बाई म्हणाल्या, "चालेल, शिकवणी सुरू करते." (पुढे २०२२ मध्ये दर खरोखरच चढले.)

त्याच महिन्यात आणखी एक जोडपं आलं होतं. दोघांच्याही नोकऱ्या पुण्यात, कंत्राटी. त्यांना मी भाड्यानं मोठं घर घ्या म्हटलं. भाव कितीही उतरलेले असोत, ते घर त्यांना परवडणारं नव्हतं.

मग एजंटची घाई सुरू झाली. सरकारनं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत ३ टक्क्यांनी कमी केलं होतं, जानेवारी ते मार्च २ टक्क्यांनी. "३१ डिसेंबर हुकवू नका." घाईची किंमत काढली तर एक टक्का, म्हणजे ४४ हजार. तेवढ्यासाठी जुन्याचा विसार हातात येण्याआधी नव्याचा विसार द्यायचा नाही, यावर बाई अडून बसल्या. बरं केलं. जुनं घर अडकून नव्याचा हप्ता सुरू झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची भांडणं फार वाईट असतात.

एजंटनं आणखी एक सल्ला दिला होता, रेघेवर चांगलं प्रायमर मारून घ्या म्हणून. साहेब दोन दिवस घुटमळले, मग मला फोन केला. मी म्हटलं, सांगलीत घर बघायला येणारा पहिला प्रश्न काय विचारतो? तेही हसले. गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी स्वतःच कपाट बाजूला सरकवून रेघ दाखवली. तो म्हणाला, "माहीत आहे की. म्हणून तर बावीस."

फेब्रुवारीत दोन्ही खरेदीखतं एकाच आठवड्यात झाली.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा ५० फुटांच्या वर गेली. साहेब त्या रात्री शामरावनगरात होते, नव्या मालकाचं सामान वरच्या मजल्यावर चढवायला. कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं की घर सोडायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

नंतर मी त्यांचं नवं घर बघायला गेले. दुसरा मजला, दोन्ही खोल्यांत भरपूर उजेड. बाईंनी भडंग आणि चहा दिला. स्वयंपाकघरात पाहिलं तर तांदळाचा, गव्हाचा, डाळीचा असे सगळे डबे माळ्यावर. खाली एकही नाही. बाई म्हणाल्या, "आई ठेवतात. मी रोज शिडी लावून काढते."