फ्लॅट नको, एसआयपी नको. आधी ती पॉलिसी बंद करा

प्रश्न: मी २४ वर्षांचा, ठाण्याचा. बॅडमिंटनमध्ये पुरुष दुहेरी खेळतो. खेळाडू कोट्यातून सरकारी कंपनीत नोकरी आहे, हातात ४८ हजार येतात. बक्षिसं, रॅकेट कंपनीचा करार आणि बचत मिळून ८ लाख जमलेत. जानेवारीपासून दोन वर्षं बिनपगारी रजा घेऊन, नव्या जोडीदारासोबत हैदराबादला राहून पूर्णवेळ खेळायचं ठरवलंय. गेल्या वर्षी सहा परदेशी स्पर्धांना साडेचार लाख लागले, बक्षीस दीड लाख मिळालं. रँकिंग वाढलं की बक्षिसंही वाढतील. दुहेरीत पस्तिशीपर्यंत खेळता येतं. ८ लाखांत कल्याणला फ्लॅट बुक करू की एसआयपी सुरू करू? भविष्याची काळजी नाही, कारण मामांच्या ओळखीतून घेतलेली गॅरंटीड पॉलिसी आहे. वर्षाला २ लाख ४० हजार, १२ वर्षं भरायचे, पॉलिसीच्या २५व्या वर्षी ६२ लाख. दोन हप्ते भरलेत, तिसरा डिसेंबरात आहे.

उत्तर: दोन्ही नको. ज्याचा पगार जानेवारीत थांबणार आहे, त्याने डिसेंबरात घराचं बुकिंग करायचं नसतं. कर्जाचा हप्ता कोण भरणार? आणि एसआयपी ही पाच-सात वर्षं हात न लावायच्या पैशांसाठी असते. हे ८ लाख तुम्हाला वर्षभरात लागणार आहेत.

तुमच्या पत्रातलं खरं दुखणं पॉलिसीच्या ओळीत आहे, आणि तिथेच तुम्ही ‘काळजी नाही’ म्हणताय.

हिशेब करू. २ लाख ४० हजार गुणिले १२, म्हणजे २८ लाख ८० हजार. मिळणार ६२ लाख, तेही पंचविसाव्या वर्षी. हा परतावा साधारण ४ टक्के पडतो. याच रकमा ७ टक्क्यांनी वाढल्या असत्या तर शेवटी १ कोटी १० लाख झाले असते. पीपीएफवर आज ७.१ टक्के मिळतात. तिथे वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, पण दर कळायला तेवढं पुरे. ‘गॅरंटी’ या शब्दासाठी तुम्ही ४८ लाख मोजताय. खेळाडूच्या हाती एकरकमी पैसा आलेला पाहून असली पॉलिसी गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तुमचं उत्पन्न किती वर्षं टिकेल, हा साधा प्रश्नसुद्धा त्या माणसाने विचारलेला दिसत नाही.

शेवटचा हप्ता भराल तेव्हा तुम्ही ३३-३४ वर्षांचे असाल. म्हणजे तोवर तुम्ही खेळत आणि कमावत राहणार असं या पॉलिसीने गृहीत धरलंय. इंडोनेशियाचा हेंड्रा सेतियावान २०१९ मध्ये पस्तिशीत मोहम्मद अहसानबरोबर जगज्जेता झाला, खरं आहे. पण २००८चं ऑलिम्पिक सुवर्ण त्याने मार्किस किडोबरोबर आधीच मिळवलं होतं. त्याच्यावरून स्वतःच्या कारकिर्दीची लांबी ठरवू नका. शिवाय तुमच्या उत्पन्नाला मोठा धोका गुडघ्याचा, खांद्याचा आणि जोडीदाराच्या गुडघ्याचा आहे. लिगामेंट फाटून तुम्ही आठ महिने बाहेर बसलात तर ही पॉलिसी एक रुपया देणार नाही, उलट डिसेंबरात हप्ता मागेल.

दुहेरीत रँकिंग जोडीचं असतं. जोडीदार बदलला की नव्या जोडीला गुण नव्याने जमवावे लागतात. अश्विनी पोनप्पाने ज्वाला गुट्टाबरोबर २०११ मध्ये जागतिक स्पर्धेचं कांस्य मिळवलं, मग सिक्की रेड्डीबरोबर खेळली, मग तनिषा क्रास्टोबरोबर २०२४चं ऑलिम्पिक खेळली. प्रत्येक वेळी बांधणी पुन्हा केली. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपला मुंबईचा चिराग शेट्टी २०१६च्या सुमारास एकत्र आले, थायलंड ओपन जिंकले २०१९ मध्ये आणि जगात पहिले झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये. एवढ्या गुणी जोडीला पहिल्या मोठ्या विजेतेपदासाठी तीनेक वर्षं लागली. तुमची जोडी नवी आहे. पहिल्याच वर्षी बक्षिसं वाढतील असं धरून बजेट मांडू नका.

बक्षीसही बघा. २०२५ची सुपर ३०० स्पर्धा, म्हणजे जागतिक मालिकेतली खालच्या टप्प्यातली, एकूण २ लाख ४० हजार डॉलर बक्षिसाची. एकेरीच्या विजेत्याला साडेसात टक्के, म्हणजे १८ हजार डॉलर. दुहेरीच्या विजेत्यांना ७.९ टक्के, म्हणजे जोडीला जवळपास १९ हजार, एकाच्या वाट्याला साडेनऊ हजार. रुपयांत आठ-सव्वाआठ लाख, कर वेगळा. आणि हे जिंकलात तर.

आता तुमचं पुढचं वर्ष. क्रमवारी ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० निकालांवर ठरते, म्हणून किमान दहा स्पर्धा धरू. तुमच्याच आकड्याने एकीला ७५ हजार, म्हणजे साडेसात लाख. हैदराबादची खोली, जेवण, कोचिंग, फिजिओ मिळून महिना २५ हजार धरले तर ३ लाख. बक्षीस अडीच लाख धरतो, गेल्या वर्षीच्या हिशेबानेच. तूट ८ लाख. त्यात हप्ता मिळवला की १० लाख ४० हजार. तुमचे ८ लाख ऑक्टोबर उजाडायच्या आत संपतात. तो एक हप्ता म्हणजे तीन परदेशी स्पर्धा, हे लक्षात घ्या.

म्हणून बिनपगारी रजेचा अर्ज आज देऊ नका. अनेक सरकारी कंपन्या राष्ट्रीय शिबिरं आणि मान्यताप्राप्त स्पर्धांचे दिवस कामावर असल्यासारखे धरतात. तुमच्या क्रीडा विभागाकडे वर्षाचं स्पर्धा-वेळापत्रक जोडून तशी लेखी मागणी करा. पगार चालू राहिला तर वर्षाला पावणेसहा लाख येतात आणि तूट सव्वादोन लाखांवर उतरते. मग पॉलिसी बंद करून हेच ८ लाख साडेतीन वर्षं पुरतील. चालू ठेवलीत तर दोन वर्षंही नाही. पगाराला नकार आला तर एकाच वर्षाची रजा घ्या, दोन वर्षांची नको.

विमा कंपनीला मेल करून सरेंडर मूल्य (पॉलिसी आत्ता मोडली तर हातात येणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मुदतीअखेर मिळणारी कमी रक्कम) लेखी मागा. एजंटला विचारू नका, तो ‘आणखी एकच हप्ता भरा’ म्हणेल. भरलेल्या ४ लाख ८० हजारांतले अर्धे-अधिक जातील अशी तयारी ठेवा. वाईट वाटेल. पण ते वाचवायच्या नादात आणखी २४ लाख भरणं जास्त महाग आहे. सरेंडरला फारच कमी मिळत असेल तर पेड-अप करा. हप्ता थांबला की काम झालं. मामांना वाईट वाटेल म्हणून तिसरा हप्ता भरू नका.

आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर एक कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, घ्या, तुमच्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आसपास पडेल. ऑफिसच्या आरोग्य विम्यावर विसंबू नका, स्वतःचा वेगळा काढा. अपघात विमा घेताना ‘व्यावसायिक खेळताना झालेली दुखापत धरता का’ हे कंपनीकडून लेखी घ्या. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. परदेशी बक्षिसावर तिथे कापलेल्या कराची प्रमाणपत्रं जपून ठेवा, इथे रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मिळतं.

८ लाखांपैकी ३ लाख स्वतःच्या नावावर एफडीत टाका, ते फक्त दुखापतीसाठी. उरलेले ५ लाख लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या आणि हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात, ठेवा आणि तिकिटांना लागतील तसे काढा. जोडीदाराबरोबरचा खर्च आणि बक्षिसाची वाटणी आत्ताच कागदावर लिहून दोघांनी सही करा, त्यात एक जण जखमी झाला तर आधीच काढलेल्या तिकिटांचं काय, हेही लिहा. सरेंडरचा आकडा आला की मला कळवा, डिसेंबरच्या हप्त्याच्या तारखेआधी.