आठवीच्या मुलांना ग्रे व्हेलचं उदाहरण देऊन सागरी संवर्धन कसं शिकवावं, म्हणजे ती निराश होणार नाहीत?

“निराश होणार नाहीत” हे वाचलं आणि राहवलं नाही. मी कॅलिफोर्नियात सातवीला विज्ञान शिकवते. नेमक्या याच मुद्द्यावरून एका सहशिक्षिकेशी माझं बिनसलं, ते कायमचं. होऊ देत की थोडी निराश! तेरा वर्षांची आहेत, तीन वर्षांची नाहीत.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आमची सहल पॉइंट रेयसला गेली होती. पिल्लांना घेऊन उत्तरेकडे निघालेल्या माद्या तिथल्या दीपगृहावरून दिसतात, किनारा धरूनच जातात त्या. त्या दिवशी धुकं इतकं की समोरचा कठडा दिसेना. परतताना एका किनाऱ्यावर डबे खायला थांबलो, तर तिथे मेलेली ग्रे व्हेल लागलेली आणि तिचं शवविच्छेदन चाललेलं. वास बसमध्येच आला होता. त्या सहशिक्षिका बाई म्हणाल्या, सगळ्यांना आत बसवा, मुलांना धक्का बसेल. मी म्हटलं, ज्याला बसायचंय त्याने बसावं. बरीचशी मुलं नाकाला बाही लावून माझ्याबरोबर दोरीच्या अलीकडे उभी राहिली.

काम करणाऱ्यांपैकी एक जण आमच्याकडे आला. मुलांचा पहिला प्रश्न: पोटात प्लास्टिक सापडलं का? नाही. पोट रिकामं होतं. कातडीखालच्या चरबीतून तेल निथळायला हवं, ती कोरडी पडली होती. उपाशी मेली होती ती.

मग तिथेच तास झाला. ग्रे व्हेल उन्हाळाभर बेरिंग आणि चुकची समुद्रात कुशीवर वळून तळाचा गाळ तोंडात ओढते आणि त्यातले अँफिपॉड, म्हणजे कोळंबीचे बारके भाऊबंद, गाळून खाते. त्या चरबीवर मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ खाड्यांपर्यंत जायचं, तिथे विणायचं, पिल्लाला पाजायचं आणि परत फिरायचं. जाऊन-येऊन पंधरा-वीस हजार किलोमीटर, बहुतेक वाट उपाशीपोटी. उत्तरेत बर्फ घटला की त्याच्या पोटाशी वाढणारं शेवाळ घटतं, तळाशी पडणारं अन्न कमी होतं, अँफिपॉड कमी होतात आणि शेवटी व्हेल रोडावते. बसमध्ये मुलं घरापर्यंत भांडत होती, की मग यात दोष कोणाचा. असा वर्ग मला क्वचितच मिळालाय.

आणि पुढच्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवर पोस्टर लागलं: व्हेलच्या पोटात बाटल्या, पिशव्या, स्ट्रॉ. बाईंनी करून घेतलेलं. मी विचारलं, रिकामं पोट आपण डोळ्यांनी पाहून आलो ना? तर म्हणे, मुलांना स्वतः करता येईल असं काहीतरी द्यावं लागतं. वर एका पालकांची तक्रार आली, ती माझ्या नावाने, आणि बोलणीही मीच खाल्ली. प्लास्टिक वाईटच आहे, कोण नाही म्हणतंय? पण ज्या रोगाने माणूस गेला नाही, तो मृत्यूच्या दाखल्यावर लिहीत नाहीत.

आशाच द्यायची असेल तर खरी द्या. १८५० च्या दशकात चार्ल्स स्कॅमनसारख्या व्हेलशिकाऱ्यांनी बाहाच्या खाड्यांत शिरून विणायला आलेल्या माद्या मारल्या. पुढे व्यापारी शिकारीवर बंदी आली, संख्या सावरली आणि १९९४ मध्ये अमेरिकेने या व्हेलना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. बाहातल्याच सॅन इग्नासिओच्या खाडीपाशी होणारं प्रचंड मिठागर मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी २००० साली रद्द केलं. तिथले मच्छीमार व्हेलच्या हंगामात खाडीत जाळी टाकत नाहीत, पर्यटकांना होडीतून नेतात. दर वेळी कोणीतरी काहीतरी सोडलंय, हे मुलांना दिसू दे. मग व्हेलच्या संख्येचा आलेख काढायला लावा: २०१६ च्या सुमारास २७,०००, २०२५ मध्ये जेमतेम १३,०००. व्यापारी शिकार बंद असताना रेषा खाली का आली, ते त्यांनाच शोधू दे. उत्तर हातात ठेवून पोस्टर रंगवून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे.

तुमच्या प्रोफाइलवर रत्नागिरी दिसतंय. अरबी समुद्रात ग्रे व्हेल नाही, तेव्हा ती फार तर दोन तास पुरवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं, ते मुलांना आठवत असेल. एखाद्या मच्छीमाराला वर्गात बोलवा. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर महाराष्ट्र सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. ती मिळते का, कधी मिळते, हे मुलांना त्यालाच विचारू दे.

हो, सगळ्याच व्हेल उपासमारीने मरत नाहीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत जहाजांच्या धडकेने बऱ्याच जातात. मेलेल्या प्राण्याला हात लावू देऊ नका, रोग असतात. चौथीच्या आतल्यांना हे दाखवू नका. पालकांची परवानगी लेखीच घ्या, तोंडी कबुली तक्रारीच्या वेळी कोणाला आठवत नाही. आणि तुमच्या शाळेतही अशा एक बाई असतीलच, त्यांना सहलीच्या दिवशी दुसरं काम द्या.